एटीटायनी८५ वर सॉफ्टवेअर यूएआरटी, घेताना शेवटचा बिट बिघडतोय

अर्धाबिट:
एटीटायनी८५ या छोट्या मायक्रोकंट्रोलर चिपला हार्डवेअर यूएआरटी (एका वायरवर बिट एकामागून एक पाठवणारा-घेणारा भाग) नाही म्हणून स्वतःच कोड लिहिलाय, ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट), ८ डेटा बिट, पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट) नाही, १ स्टॉप बिट, चिप आतल्या ८ मेगाहर्ट्झ क्लॉकवर. पाठवणं चालतंय, म्हणजे आधी १०४ मायक्रोसेकंदांचा डिले होता तेव्हा पीसीवर अधूनमधून कचरा यायचा, मग कमी करत करत ९८ वर आणला आणि स्वच्छ यायला लागलं. घेताना मात्र घोळ. पीसीवरून ए हे अक्षर पाठवलं की बऱ्याचदा त्याचा बरोबर कोड हेक्स ४१ येतो आणि मधेच सी१. लाइन लो झाली, म्हणजे स्टार्ट बिट सुरू झाला, की १५६ (दीड बिट) थांबतो, डिजिटलरीड या आर्डुइनो फंक्शनने पहिला बिट वाचतो, मग दर वेळी १०४ थांबून पुढचे सात. वायर बदलली, ग्राउंड कॉमन आहे. दोन रात्री गेल्या, कळेना काय चुकतंय.

तांब्याचीतार:
वायरीचा दोष नाही हा, तुमच्या सी१ मधेच उत्तर आहे. ४१ म्हणजे ०१०००००१. यूएआरटीत खालचा बिट आधी निघतो, म्हणजे सगळ्यात वरचा ० शेवटी येतो आणि त्याच्या पाठोपाठ स्टॉप बिट, जो कायम १. सी१ म्हणजे ११०००००१, फक्त तो शेवटचा ० बदललाय, म्हणजे तुम्ही उशिरा वाचताय आणि हाती स्टॉप बिट लागतोय.

एक बिट १०४.१७ मायक्रोसेकंदांचा. शेवटचा डेटा बिट ८३३ ला सुरू होऊन ९३७ ला संपतो, वाचायला हवा मधोमध, ८८५ ला. पाठवताना १०४ चे ९८ करावे लागले म्हणजे डिजिटलराइट आणि लूप मिळून ६ खातायत, घेतानाही साधारण तेवढेच जाणार, पण तिथे तुम्ही १०४ च ठेवलेत! १५६ अधिक सात वेळा ११० झाले ९२६, त्यावर लाइन लो झालेली लूपला कळेपर्यंत आणि वाचेपर्यंत गेलेला वेळ, की आलात ९३७ च्या उंबरठ्यावर. म्हणून कधी ए, कधी सी१.

डिजिटलरीड हळू आहे, काढा, पिनांची स्थिती दाखवणारं पिनबी रजिस्टर थेट वाचा. आणि एकदम दीड बिट थांबू नका, अर्धा बिट थांबून लाइन अजून लो आहे का बघा, नसेल तर तो नॉइज, सोडून द्या.

घड्याळकाटा:
वरचं पटलं, पण ते ६ सगळे कोडचेच असं धरू नका. आतलं क्लॉक कारखान्यातून येताना १० टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकतं, शिवाय तापमान आणि व्होल्टेजने हलतं. स्टॉप बिट साडेनऊ बिटांवर वाचतात आणि चुकायला मुभा अर्ध्या बिटाची, म्हणजे दोन्ही बाजूंचा मिळून जेमतेम ५ टक्के फरक खपतो, मी तर एका बाजूला २ च्या वर जाऊच देत नाही. टायमरने पिन टॉगल करून लॉजिक अॅनालायझरवर मोजा, क्लॉकचा वेग ठरवणाऱ्या ओएससीकॅल रजिस्टरचा आकडा सरकवून आधी क्लॉक सरळ करा. मग डिले पूर्णच काढा. टायमरचा प्रीस्केलर (क्लॉकला भागणारा आकडा) ८ ठेवला की १ टिक म्हणजे १ मायक्रोसेकंद, दर १०४ टिकांना वाचायचं, चूक ०.१६ टक्के, आणि लूपने मधे खाल्लेला वेळ साठत जात नाही. टायमर १ घ्या, ० वर बहुतेक वेळा मिलिस (आर्डुइनोचं वेळ मोजणारं फंक्शन) चालू असतं.

अर्धाबिट:
झालं!! क्लॉक खरंच २ टक्के हळू निघालं, बाकीचं कोडचं. ओएससीकॅल वाढवलं, पिनबी थेट, टायमर १, तासभर ए पाठवतोय आणि एकदाही सी१ नाही. मनापासून आभार. एकच राहिलं, आलेला बाइट लगेच परत पाठवला की त्याच्या मागचा गळतो.

तांब्याचीतार:
पाठवताना कोड १० बिट तिथेच अडकलेला असतो, तेवढ्यात नवा स्टार्ट बिट येऊन जातो. पूर्ण ओळ बफरमधे घ्या आणि ओळ संपली की मग पाठवा. दोन्ही एकदम हवंच असेल तर टायमर इंटरप्ट (चालू काम मधे थांबवून ठरावीक वेळाने चालणारा कोड) बॉडच्या तिप्पट, म्हणजे सेकंदाला २८८०० वेळा चालवावा लागेल. ८ मेगाहर्ट्झवर एका इंटरप्टला सुमारे २७८ सायकल मिळतात, तेवढ्यात बसतं.