मल्चिंग पेपर खाणारे जिवाणू शेतात सोडता येतील काय?

कडोलीकर:
मंडळी, मिरचीला मल्चिंग पेपर, म्हणजे वाफ्यावर अंथरायचा प्लास्टिकचा कागद, घालतोय. पीक निघाल्यावर काढायला गेलं की चिंधड्या होतात, निम्मा मातीतच राहतोय. नांगराच्या फाळाला गुंडाळून वर येतोय बघा. जपानचे ते प्लास्टिक खाणारे जिवाणू आणून सोडले तर जमंल काय ओ?

निपाणीची बाई (सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते):
दादा, तो इडिओनेला सकाईएन्सिस. साकाई शहरात सापडला, 2016 मध्ये जाहीर झाला. पण तो खातो पीईटी, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक. त्याच्या रेणूंच्या साखळीत एस्टर बंध, म्हणजे ऑक्सिजन असलेले जोड, असतात. या जिवाणूचं पीईटेझ हे एन्झाइम (तोडफोड करणारं प्रथिन) पाण्याच्या मदतीनं ते तोडतं, उरलेले तुकडे एमएचईटेझ हे दुसरं एन्झाइम फोडतं. तेही पातळ फिल्मला 30 अंशांवर सुमारे सहा आठवडे लागतात. तुमचा पेपर पॉलिथिनचा. त्यात नुसती कार्बन-कार्बनची साखळी, या एन्झाइमला तोडायला बंधच नाही.

खानापूरकर:
बाई, फ्रान्समध्ये एन्झाइमनं 10 तासांत 90 टक्के पीईटी फोडलं की! 2020 ची बातमी.

निपाणीची बाई:
खरंय, फार मोठं काम आहे ते. पण 72 अंशांवर, टाकीत, प्लास्टिक आधी दळून. शेतात ते कसं जमणार? दादा, पीबीएटी नावाच्या प्लास्टिकचा विघटनशील (मातीत कुजणारा) पेपर मिळतो. त्यात एस्टर बंध असतात, मातीतले जिवाणू तो फोडतात. महाग आहे, तरी एका वाफ्यावर करून बघा. आणि जुना पेपर बांधावर पेटवू नका, हात जोडून सांगते.

कडोलीकर:
एक वाफा धरतो बाई. मिरचीचं पीक निघेपर्यंत टिकायला किती मायक्रॉन जाडीचा घेऊ?