एअरप्ले आणि हॉट कंट्री, हे दोन तक्ते वेगळे

एला लँगली या अमेरिकन कंट्री (तिथल्या ग्रामीण बाजाच्या संगीतातल्या) गायिकेचं 'यू लुक लाइक यू लव्ह मी' हे गाणं जून २०२४ मध्ये आलं, मग रेडिओच्या तक्त्यावर पहिलं यायला डिसेंबर का उजाडला, या प्रश्नाला 'रेडिओवाले मुलींना मागे ठेवतात' असं उत्तर काही जण देतात. ते बऱ्याच अंशी खरं आहे. गायिकांची गाणी लागोपाठ लावू नका, असं एका अमेरिकन रेडिओ सल्लागाराने २०१५ साली उघड सांगितलं होतं, आणि त्याचा राग यायलाच हवा.

पण या उत्तरात 'बिलबोर्ड' या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या दोन तक्त्यांची गल्लत होतेय. 'हॉट कंट्री साँग्ज'मध्ये ऑक्टोबर २०१२ पासून स्ट्रीमिंग, विक्री आणि सगळ्या प्रकारच्या स्टेशनांवरचं वादन एकत्र धरतात. म्हणूनच बीबी रेक्सासारखी पॉप गायिका फ्लोरिडा जॉर्जिया लाइन या कंट्री जोडीसोबतचं 'मेंट टु बी' घेऊन तिथे ५० आठवडे पहिली राहिली. 'कंट्री एअरप्ले' फक्त कंट्री स्टेशनं मोजतं. रेकॉर्ड कंपनी गाणं स्टेशनांकडे रीतसर पाठवते ती तारीख अनेकदा स्ट्रीमिंगच्या बरीच नंतरची असते, आणि पुढे एकेक स्टेशन वादनं वाढवत नेतं. त्यातून लँगली कडवी गात नाही, चक्क बोलते! असं गाणं सहा महिन्यांत वर जाणं मला तरी संथ वाटत नाही.