मदत हवी आहे : तिसरी-चौथीच्या मुलांसाठी आरोग्याच्या शब्दांची कोडी

नमस्कार मंडळी,

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. तिसरी-चौथी माझ्याकडे एकत्र बसतात. बहुतेकांच्या घरी गोंडी, मराठी शाळेत आल्यावर.

आमच्या मुलांच्या वाट्याला तपासण्या आणि गोळ्या बऱ्याच येतात. हिवतापासाठी बोटातून रक्त घेतात, आठवड्याला लोहाची गुलाबी गोळी असते, १० फेब्रुवारीला जंताची, हत्तीरोगाच्या गोळ्या वेगळ्या, शिवाय सिकलसेलची तपासणी. पण हे सगळं कशासाठी, ते मुलांना ठाऊक नसतं. उपकेंद्रात सिस्टरनी "काय होतंय?" विचारलं की "हातपाय दुखून रायले" याच्या पुढे गाडी जात नाही. सांधे दुखतात की पोटऱ्या, ताप थंडी वाजून आला की नुसताच, उलटी झाली की मळमळ होते, एवढं सांगता आलं तरी पुढचं काम किती सोपं होईल! घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं दुखणंसुद्धा बरेचदा हीच मुलं मराठीत सांगतात.

कोडी म्हटलं की माझा वर्ग मधली सुट्टी विसरतो, म्हणून शब्दकोड्यांतूनच हे शब्द शिकवायला घेतले. अडलंय दोन ठिकाणी.

पहिलं म्हणजे चौकोन. इंटरनेटवरची कोडी बनवायची फुकट साधनं मराठी अक्षरं फोडतात. 'जंत' टाकलं की ज, अनुस्वार आणि त असे तीन चौकोन! त्यामुळे मी कागदावरच आखते. काना-मात्रा-वेलांटीसकट एक अक्षर एका घरात, जोडाक्षरालाही एकच घर. काही जुळण्या सुरेख होतात. आडवा 'सलाईन' घेतला की त्याच्या 'ला'मधून उभा 'जुलाब' जातो आणि 'न'वरून खाली 'नस' उतरते. 'अशक्तपणा' आणि 'रक्त' एकमेकांना 'क्त'वर छेदतात, आणि रक्त कमी झालं की अशक्तपणा येतो हेही तिथेच सांगता येतं. पोटदुखी-डोकेदुखी 'दु'वर. पण 'थर्मामीटर'चा 'र्मा' आणि 'हिमोग्लोबिन'चा 'ग्लो' तिसरीच्या मुलांना एका घरात बसवता येत नाही, ती थ-र-मा-मी-ट-र अशी सहा घरं मागतात. असे शब्द चौथीसाठीच ठेवू, की जोडाक्षर आधीच छापून देऊ?

दुसरं अवघड आहे, शोधसूत्रांचं. 'हत्तीरोग'चं जमलं : "याच्या जंताची पिल्लं रात्री रक्तात फिरतात, म्हणून रक्त घ्यायला रात्री येतात." मुलांनी हे गावात पाहिलेलं, लगेच ओळखलं. पण 'सिकलसेल'चं काय करू? "रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात" असं लिहिलं तर कळेल छान, पण माझ्या वर्गात हा आजार असलेली मुलं आहेत. उत्तर आलं की सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळणार. शब्द गाळला, तर ज्यांना तो आयुष्यभर लागणार आहे त्यांनाच तो शाळेत मिळणार नाही. गाळायचा नाही यावर मी ठाम आहे. मांडायचा कसा, ते सांगा.

पाटीपेन्सिल :
मॅडम, वेगळं साधन शोधूच नका. एक्सेल किंवा गूगल शीट उघडा, रकान्यांची रुंदी आणि ओळींची उंची सारखी करा, एका घरात एक अक्षर टाइप करा. 'ग्लो' अखंड राहतो. उत्तरांसकट एक प्रत ठेवा, दुसरीतली अक्षरं पुसून छापा. तिसरीला आधी शब्दशोध द्या, म्हणजे अक्षरांच्या गर्दीतून शब्दाला गोल करायचा. त्यात लिहावं लागत नाही आणि जोडाक्षर नजरेत बसतं. भरायचं कोडं त्यानंतर.

रानजाई :
मी सिकलसेलच्या रुग्णांचं समुपदेशन करते. शब्द गाळू नका, पण त्याला एकटाही पाडू नका. आजारांचं कोडं न करता रक्ताचं करा : रक्त, नस, लाल पेशी, हिमोग्लोबिन, रक्तगट आणि त्यातच सिकलसेल. शोधसूत्रात पेशी येऊ द्या, माणूस नको. तुमचं विळ्याचं वाक्य त्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. मात्र कोडं देण्याआधी त्या मुलांच्या आईवडिलांशी बोलून घ्या, आणि वर्गाला स्पष्ट सांगा की शेजारी बसून, एका ताटात जेवून हा आजार होत नाही, तो जन्मतःच आईवडील दोघांकडून येतो. 'वाहक', म्हणजे ज्याला हा दोष आईवडिलांपैकी एकाकडूनच आलेला असतो तो, हा शब्द चौथीला जरूर शिकवा. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे मोठ्यांनाही समजावावं लागतं. आणखी एक, पाणी, ऊब, विश्रांती हे शब्दही त्याच कोड्यात घाला. या मुलांनी पाणी भरपूर प्यायला हवं, थंडीपासून जपायला हवं. वर्गाला ते माहीत असलं तर तासाला पाणी प्यायला उठलेल्या मुलाकडे कुणी वेगळ्या नजरेने बघणार नाही.

धागाकर्ती :
दोघांचेही खूप आभार. रक्ताचं कोडं आजच आखायला घेते, पालकांशी बोलल्यावरच वर्गात देईन. तिसरीला शब्दशोध, हेही पटलं.

आता एक शेवटची विनंती. इथे कुणी गोंडी बोलणारं असेल तर सांधा, पोटरी, बरगडी, घसा, मळमळ, चक्कर यांचे गोंडी शब्द देवनागरीत लिहून द्याल का? शोधसूत्राच्या जागी गोंडी शब्द आणि चौकोनात मराठी, असं पहिलं कोडं करावं म्हणते. गोंडी भागाभागात बदलते, तेव्हा तुमचा तालुकाही लिहा. धानोऱ्याकडची असेल तर उत्तमच.