अहिराणीतला 'अहि' साप आहे का?

बोरी

स्मरणिकेसाठी एक लेख आलाय. त्यातल्या दोन वाक्यांपाशी अडलोय. पहिलं : "अहिराणी म्हणजे अहि + राणी, नागराणीची भाषा." दुसरं : "हिंदू सोडले तर जगात सगळीकडे साप म्हणजे सैतान." पानं परवा छापखान्यात जातात. थोडक्यात सांगितलं तरी चालेल.

गिरणा

बोरीभाऊ, पहिलं वाक्य सरळ काढा. अहिराणी हे नाव अहीर लोकांवरून पडलं, आणि अहीर म्हणजे जुन्या संस्कृत-प्राकृतातले आभीर. ईश्वरसेन या आभीर राजाच्या काळचा शिलालेख नाशिकच्या लेण्यांत आहे, म्हणजे हे लोक आपल्या शेजारी कधीपासून आहेत ते कळतं.

आभीरचा अहीर कसा झाला, त्यात गूढ काही नाही. दोन स्वरांच्या मधे आलेले ख, घ, ध, भ प्राकृतात झिजतात आणि नुसता 'ह' उरतो. बधिरचा बहिरा, दधिचं दही, गभीरचा गहिरा, तसाच आभीरचा अहीर. त्याला पुढे '-आणी' लागलं. काही जण अहीर + वाणी अशी फोड करतात, तीही ऐकून घेता येते, कारण तिच्यात अहीर शाबूत राहतो. 'राणी' काढायची तर मात्र अहीरमधला 'र' पळवावा लागतो.

दुसरी खूण याहून सोपी. बोलीत 'अहि' हा शब्दच नाही. शेतात, घरात, गाण्यात साप आणि नाग. अहि पोथीतला. जो शब्द तोंडात कधी येत नाही, त्यावरून लोक आपल्या भाषेला नाव कशाला देतील? भाषातज्ज्ञ ग्रिअर्सनने भारतातल्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०७ सालच्या खंडात खानदेशी, म्हणजे आपली अहिराणी, भिल्ली भाषांबरोबर बसवली, त्यावर खुशाल भांडा. अहि-राणीवर भांडण्यासारखं काही नाही.

पांझरा

गिरणाभाऊंशी सहमत. पण 'अहि' हा शब्द इथेच सोडू नका, कारण तुमच्या दुसऱ्या वाक्याचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

ऋग्वेदात अहि पूज्य नाही, शत्रू आहे. पहिल्या मंडलातलं ३२ वं सूक्त बघा : 'अहन्नहिम्', इंद्राने अहीला मारलं. डोंगरावर पसरून त्याने पाणी अडवलं होतं, तो वृत्र. मारल्यावर पाणी मोकळं झालं. इराणकडे हाच शब्द अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथात 'अझि' होतो. तिथला अझि दहाक हा तीन तोंडांचा दुष्ट. पुढे फारसीत त्याचा 'अझदहा' झाला आणि उर्दूतून तो आपल्याकडच्या किस्से-कहाण्यांत आला. म्हणजे अहि आणि अझदहा एकाच घरातले.

'सर्प' वेगळा. सृप् म्हणजे सरपटणे. लॅटिन सर्पेन्स आणि ग्रीक हर्पेटॉन याच मुळाचे. 'भुजंग' म्हणजे वाकडा वाकडा जाणारा. भुजंगप्रयात वृत्त म्हणूनच आठवतं : चार य-गण, १२ अक्षरं, दर तीन अक्षरांनी तोच झोल. मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत. 'नाग' हा मात्र फणा काढणारा, आणि पूजा जवळजवळ सगळी त्याचीच. मण्यार त्याच्याइतकीच विषारी, पण तिचं देऊळ कुठे दिसत नाही. पुजायला फणा लागतो!

गंमत म्हणजे 'कोब्रा' या शब्दात फणा नाही. पोर्तुगीज म्हणायचे 'कोब्रा द कापेलो', टोपीवाला साप. पुढे टोपी गळाली आणि नुसता 'साप' उरला. उलट शास्त्रीय नावातल्या 'नाजा'मध्ये आपला नाग अजून बसलेला आहे.

बोरी

म्हणजे हिंदूंतही साप शत्रू होता. आणि बाकीच्यांत?

वाघूर

बाकीच्यांत शोधायला लांब जायला नको. अजिंठ्याचं १९ नंबरचं लेणं घ्या. बाहेरच्या अंगाला नागराजा राणीसह बसलेला आहे. त्याच्या डोक्यामागे सात फणे, तिच्यामागे एकच. हे बौद्ध लेणं आहे. बौद्ध परंपरेत ज्ञानप्राप्तीनंतर वादळ आलं तेव्हा मुचलिंद नागाने सात दिवस बुद्धाभोवती वेटोळं घालून वर फणा धरला. म्हणजे इथे नाग राखणदार.

जैनांत पार्श्वनाथांच्या डोक्यावर फण्यांचं छत्र. मांगीतुंगीसारख्या ठिकाणी मूर्ती ओळखताना एक चूक फार होते : फणे दिसले की पार्श्वनाथ म्हणून मोकळे. सुपार्श्वनाथांनाही फणे असतात, बहुधा पाच. पार्श्वनाथांना बहुधा सात किंवा जास्त. फणे झिजले असतील तर बैठकीवरचं लांछन, म्हणजे ओळखीचं चिन्ह, बघा. साप असेल तर पार्श्वनाथ, स्वस्तिक असेल तर सुपार्श्वनाथ.

आता बायबल. उत्पत्तीच्या पुस्तकातला साप धूर्त आहे, पण त्याला तिथे सैतान म्हटलेलं नाही. ती ओळख नव्या करारातल्या प्रकटीकरणाच्या १२ व्या अध्यायात पक्की होते. मधल्या काळात मोशे साप चावलेल्यांसाठी पितळेचा साप काठीवर चढवतो आणि त्याच्याकडे बघणारे वाचतात. पुढे लोक त्या सापापुढे धूप जाळायला लागले म्हणून हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. एकाच ग्रंथात साप फसवतो, वाचवतो आणि फुटतोही. येशू तर शिष्यांना सापांसारखे चतुर व्हा असं सांगतो.

कुराणात मूसाच्या, म्हणजे मोशेच्याच, काठीचा साप होतो, त्याला सूरा ताहामध्ये 'हय्या' म्हटलंय. अरबीत हय्या म्हणजे साप आणि हयात म्हणजे आयुष्य, दोन्हींची अक्षरं एकाच कुळातली. आपण 'हयात आहेत' म्हणतो ती हीच हयात.

मिसरात (इजिप्तमध्ये) तर एकाच देशात दोन्ही टोकं. फरोहाच्या कपाळावर रक्षणाला फणा काढलेली नागीण, आणि रोज रात्री सूर्याची नाव गिळायला येणारा अपेप हाही सापच. जपानात बेनझाइतेन देवीचा दूत पांढरा साप, आणि ही देवी म्हणजे आपली सरस्वती, बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेली. मेक्सिकोत पिसांचा साप हा देव. तेव्हा 'सगळीकडे सैतान' हे वाक्य कुठेच टिकत नाही.

पांझरा

हिब्रूचा विषय निघालाच आहे म्हणून. त्या गोष्टीत माणसं नागडी, त्याला शब्द 'अरुम्मीम'. लगेच पुढच्या ओळीत साप धूर्त, त्याला शब्द 'अरूम'. मुद्दाम जुळवलेला श्लेष. मराठीत आपोआप तसंच झालंय : नाग आणि नागवा. पण आपल्याकडे नातं नाही. नागवा, नागवणे हे नग्नवरून. सावकाराने नागवलं यात साप नाही (असा भास होतो खरा).

तसाच नांगर. तो लाङ्गलवरून आला. नागपंचमीच्या कहाणीत नांगराच्या फाळाने नागाची पिलं मरतात, म्हणून त्या दिवशी नांगरायचं, खणायचं नाही. नाग-नांगर हा खेळ कानाला गोड लागतो, पण तो कहाणीचा आहे, व्युत्पत्तीचा नाही. आणि नागभस्मातला नाग म्हणजे शिसं. नाव ऐकून सापाचं औषध समजू नका.

अनेर

इतक्या लांबचे शब्द झाले, आपल्याकडचा राहिला. 'रातले सापनं नाव लेवानं नही.' सातपुड्याच्या पायथ्याला काय, तापीकाठी काय, दिवे लागल्यावर साप हा शब्द टाळतात. जनावर म्हणायचं, लांबडं म्हणायचं. चावला असेल तर 'पान लागलं'. नाव घेतलं की तो येतो, ही भीती. बंगालीत रात्री सापाला 'लता' म्हणतात. रशियन वगैरे स्लाव भाषांत सापाचा मूळ शब्दच मागे पडला आणि 'जमिनीचा' अशा अर्थाचा शब्द रूढ झाला. शब्द टाळता टाळता टोपणनावच खरं नाव होतं, त्याचा हा नमुना.

पण दवाखान्यात ही रीत घात करते. 'जनावर चावलं' म्हटल्यावर बाहेरगावचा डॉक्टर कुत्रं समजू शकतो, आणि 'पान लागलं' तर त्याला कळतच नाही. तिथे स्पष्ट बोला : साप चावला, किती वाजता, कुठे. चावलेला हात-पाय लाकडाची पट्टी लावून स्थिर ठेवा, करकचून बांधू नका, कापू नका, चोखू नका. घट्ट बांधलं तर रक्त थांबून तो अवयवच जाऊ शकतो. साप मारून न्यायची गरज नसते. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकत्रच चालतं. सुरुवातीला साधारण ८ ते १० कुप्या लागतात, लहान मुलालाही तेवढ्याच. मूल लहान असलं तरी सापाने सोडलेलं विष काही लहान नसतं.

'डूख धरणे' हा शब्दही याच भीतीतला. सापाला माणूस लक्षात ठेवून बदला घेण्याइतकी स्मृती नसते. डूख धरतो तो माणूस, नाव सापाचं.

गिरणा

'कात' कुणी घेतली नाही, मी घेतो, कारण सापाचा चांगला अर्थ बहुतेक तिथूनच निघतो. कात ही कृत्ति म्हणजे कातडी या शब्दावरून आली. लिंग सांभाळा : सापाची ती कात, पानातला तो कात. दुसऱ्याचा हिच्याशी संबंध नाही.

टाकायच्या आधी सापाचे डोळे दुधाळ निळसर होतात, कारण डोळ्यावरचं पारदर्शक खवलंही जुनं होऊन सुटायला लागतं. त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही आणि तो चिडका असतो. मग डोळे पुन्हा निवळतात, तो ओठ दगडा-काट्यावर घासतो, आणि कात तोंडाकडून मोजा काढावा तशी उलटी होत निघते. निघताना ती ताणते, म्हणून सापडलेली कात मोजून सापाची लांबी सांगाल तर जास्त येईल. हवा कोरडी असली किंवा साप आजारी असला तर तुकड्या-तुकड्यांनी निघते, कधी डोळ्यावरचं खवलं अडकून राहतं.

हे पाहणाऱ्या सगळ्यांनी एकच अर्थ लावला : हा म्हातारपण काढून ठेवतो. ग्रीक भाषेत 'गेरास' म्हणजे म्हातारपण आणि गेरास म्हणजे सापाची कातही. लॅटिनमध्ये 'सेनेक्टुस'चं तेच. मेसोपोटेमियातल्या गिल्गमेश राजाच्या गोष्टीत तरुण करणारी वनस्पती साप पळवून नेतो आणि जाता जाता कात टाकतो. आपण 'गावाने कात टाकली' म्हणतो तेव्हा एवढं सगळं मागे असतं. 'शेष' मात्र यातला नव्हे. प्रलयात सगळं गेल्यावर जो शिल्लक राहतो तो शेष. भागाकारातली बाकी आणि विष्णूची शय्या, शब्द एकच.

पांझरा

नागीण या आजाराचंही लिहून ठेवते, कारण तिथे शब्द आणि गैरसमज एकत्र आलेत. छाती-पाठीवर एका बाजूला पट्ट्यासारखे फोड येतात, सरपटत गेल्यासारखे, म्हणून नागीण. डॉक्टरी नाव हर्पीस झोस्टर. हर्पीस हा ग्रीक शब्द 'सरपटणे'वरून, म्हणजे वर सांगितलेल्या सृप्-सर्पचाच चुलतभाऊ, आणि झोस्टर म्हणजे कमरपट्टा. ग्रीकांनी आणि आपण वेगवेगळं बघून तेच नाव ठेवलं.

गैरसमज असा, की नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो. कांजिण्यांचा विषाणू मणक्याजवळच्या मज्जागंडात (नसेच्या गाठीत) वर्षानुवर्षं दडून बसतो आणि त्या एका नसेच्या पट्ट्यातच उठतो. त्या नसा शरीराच्या मध्यरेषेपाशी संपतात, त्यामुळे पट्टा सहसा पलीकडे जातच नाही. विळखा पूर्ण व्हायचा प्रश्न क्वचित, आणि झाला तरी मरण त्यातून येत नाही. खरा धोका वेळ घालवण्यात आहे. विषाणूवरच्या गोळ्या फोड आल्यापासून ७२ तासांत सुरू झाल्या तर उपयोग जास्त. असायक्लोव्हिर असेल तर मोठ्या माणसाला बहुधा ८०० मिलिग्राम दिवसातून ५ वेळा, ७ दिवस, अर्थात डॉक्टरच्या चिठ्ठीनेच, कारण मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते. गेरू फासून, मंत्र टाकून तीन दिवस गेले की फोड सुकतात पण नसेची आग महिनोन्‌महिने राहू शकते. फोड कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर त्याच दिवशी डोळ्याचा डॉक्टर.

वाघूर

डॉक्टरांवरून आठवलं. एक काठी, तिला एक साप, पंख नाहीत : हा ग्रीक वैद्यदेव अस्क्लेपियसचा दंड. जागतिक आरोग्य संघटनेच्या बोधचिन्हावर हाच आहे. दोन साप आणि वर पंख : ती हर्मिसची काठी. हर्मिस देवांचा निरोप्या, व्यापाराचा देव, आणि चोरांचाही. अमेरिकेच्या लष्करी वैद्यक विभागाने १९०२ साली दोन सापांचं चिन्ह घेतलं आणि त्यानंतर घोळ आणखी पसरला.

दोन सापांच्या विळख्याला आपल्याकडे जोडीचं लागणं समजतात, नाग आणि धामणीची जोडी म्हणतात. दोन्ही चूक. धामण ही वेगळी, बिनविषारी जात आहे, आणि तिच्यात नर-मादी दोन्ही असतात. उभे राहून पीळ घालणारे साप बहुतेक वेळा दोन नर धामणी असतात, एकमेकांना खाली दाबायला बघत.

बोरी

दोन्ही वाक्यं कापली. पण पान ७ वर एका दवाखान्याची जाहिरात आहे. काठी, दोन साप, पंख. पैसे आधीच आलेत. एक साप आणि पंख खोडून चालेल का विचारायला फोन करतो.