शब्दचर्चा: ‘स्प्लिट’ बजीला मराठीत काय म्हणावे?

पाणकणीस: बजी, म्हणजे पिंजऱ्यात पाळतात ते छोटे पोपट (बजरीगार), त्यांच्या पालनाच्या माहितीपत्रकाचे मराठी करते आहे. ‘ग्रीन/ब्लू’ म्हणजे दिसायला हिरवा, पण निळ्याचे एक जनुक बाळगणारा पक्षी, अर्थात ‘निळ्याला स्प्लिट’. ‘हिरवा/निळा’ लिहिले तर वाचणाऱ्याने ‘हिरवा किंवा निळा’ असे घेतले. ‘सुप्त निळा’ चालेल का?

रानवारा: सुप्त नको. ‘स्वप्’ म्हणजे झोपणे, आणि झोपलेले कधीतरी जागे होते. मग पिसे बदलली की पक्षी निळा होईल, अशी वाट पाहिली जाते. बजीच्या पिसात निळे रंगद्रव्य नसतेच. निळाई पिसाच्या सूक्ष्म रचनेतून येते, तिच्यावर पिवळे चढले की हिरवा दिसतो. पिवळे बनवणाऱ्या जनुकाची एक प्रत चालू असली तरी भागते. दुसरी प्रत झोपलेली नसते, बिघडलेली असते. पाठ्यपुस्तकातला ‘अप्रभावी’च वापरा.

त्रिकोण: ‘अप्रभावी’ने वेगळा घोळ होतो. जनुक दुबळे आहे, दोन-चार पिढ्यांत विरेल, असे वाटते. इंग्रजीत याला ‘रिसेसिव्ह’ म्हणतात, त्याच्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मागे सरणे. मेंडेलने १८६६च्या निबंधात तो गुणाला लावला, कारण संकरात मागे सरलेला गुण पुढच्या पिढीत जसाच्या तसा परत येतो. ‘जीन’ हा शब्द तर १९०९चा. विशेषण गुणाला द्या, जनुकाला नको.

रानवारा: पिंजऱ्यापाशी ‘मागे सरलेला गुण’ कोण म्हणेल? शब्द तोंडात बसला पाहिजे.

दोनदाणे: ‘निळ्याचा वाहक’ म्हणा, हिशेबही सरळ मांडता येतो. वाहक × वाहक: चारांत एक निळे, दोन वाहक, एक निव्वळ हिरवे. ही सरासरी आहे. चार पिल्लांत एकही निळे न निघण्याची शक्यता ८१/२५६, म्हणजे सुमारे ३२ टक्के, तेव्हा एका विणीवरून जोडी मोडू नये. अशा जोडीच्या हिरव्या पिल्लांत वाहक दोन तृतीयांश असतात, निम्मे नव्हे, कारण निळे वगळले की तीनच वाटे उरतात. त्यांना ‘संभाव्य वाहक’ असे वेगळे नाव हवे. पारखायचे तर निळ्याशी जोडी लावावी. एक निळे पिल्लू निघाले की सिद्ध. पक्षी वाहक असूनही सहाच्या सहा हिरवी निघण्याची शक्यता ६४त १. जोडी मात्र स्वतंत्र पिंजऱ्यात हवी, थव्यात बाप कोण हे नक्की नसते.

पाणकणीस: मग मादी ‘वाहिका’? लुटिनोच्या (लाल डोळ्यांच्या पिवळ्या पक्ष्यांच्या) तक्त्यातही तोच शब्द घालू?

त्रिकोण: तिथे अजिबात नको. लुटिनो, ओपलाइन, सिनॅमन या रंगप्रकारांची जनुके झेड या लिंग-गुणसूत्रावर असतात. नरात झेड दोन, मादीत एकच. त्यामुळे मादी लुटिनो असते किंवा नसते, अधलेमधले काही नाही. ‘लुटिनोला स्प्लिट मादी’ म्हणून कोणी पक्षी देऊ केला तर ते चूकच. लुटिनो नर × साधी हिरवी मादी: लाल डोळ्यांची सगळी पिल्ले माद्या, काळ्या डोळ्यांचे सगळे नर आणि वाहक. जोडी उलटी लावली, तर सगळी पिल्ले हिरवी, त्यातले नर तेवढे वाहक. पण लुटिनो मादी निळ्याची वाहिका असू शकते, ते जनुक झेडवर नाही.

रानवारा: ‘वाहिका’ म्हटले की रुग्णवाहिका आठवते, आणि ‘वाहक’ला रोगाचा वास. ‘पोटी निळा’ का नको? पोटात ठेवणे हा आपलाच वाक्प्रचार.

दोनदाणे: बजीत पोटाचा रंगच तर पाहतात! ‘पोटी निळा’ वाचून लोक पक्षी उलटा करून बघतील.

त्रिकोण: ग्रेविंगचे (करडे पंख, फिकट अंग) एक आणि क्लिअरविंगचे (फिकट पंख, गडद अंग) एक जनुक असलेला पक्षी कशात घालणार? दोन्ही एकाच जागची, आणि दोन्ही दिसतात: पंख करडे, अंग गडद. तो कोणाचाच वाहक नाही.

पाणकणीस: तो तक्ता अजून उघडलाही नाही. स्लॅशचे काय करू, तेवढे सांगा.