पॉलिफ्लुओरीनमध्ये लाल लागतो, हिरवा विझतो. होस्ट बदलू का?

मुक्ता_मांडवी
वडोदऱ्याहून लिहितेय, पीएचडीचं तिसरं वर्ष. सुझुकी कपलिंगने (पॅलॅडियमच्या मदतीने कड्या जोडायची अभिक्रिया) स्वतः बनवलेलं पॉलिफ्लुओरीन हे पॉलिमर एलईडीत होस्ट म्हणून, म्हणजे उजेड देणारं कॉम्प्लेक्स सामावणारा मुख्य पदार्थ म्हणून, वापरते. त्यात लाल इरिडियम कॉम्प्लेक्स घातलं की एलईडी छान लागतो. आयआर-पीपीवाय-३ हे हिरवं इरिडियम कॉम्प्लेक्स घातलं की हिरवा उजेड खोलीत अंधार करून शोधावा लागतो. सर म्हणतात, पावसाळा आहे, ग्लव्हबॉक्समध्ये (नायट्रोजनच्या बंद पेटीत) ओल शिरली असणार. तीन आठवडे त्या ओलीमागे धावले. लालला पावसाळा बाधत नाही होय?

रसायन_काका
सुझुकीनंतरचं पॅलॅडियम नीट काढलंस का? उरलेला धातू प्रकाश खातो.

मुक्ता_मांडवी
काका, दोन्ही रंगांना होस्ट एकाच बॅचचं. खाल्लं असतं तर लालही खाल्लं असतं.

जुना_स्पिनकोटर
बरोबर पकडलंस. आकडे बघ: पॉलिफ्लुओरीनची ट्रिप्लेट पातळी (उत्तेजित रेणूची एक ऊर्जापातळी, इरिडियम तिच्यातूनच उजेड देतं) साधारण २.१ ईव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट), तुझ्या हिरव्याची २.४, लालची २.० च्या आसपास. डोपंटवर, म्हणजे होस्टमध्ये घातलेल्या कॉम्प्लेक्सवर, आलेली ऊर्जा उतार दिसला की परत होस्टमध्ये घरंगळते, आणि तिथे उजेड न देताच जिरते. लालला तो उतारच नाही.

दोष लांब संयुग्मनाचा, म्हणजे साखळीभर इलेक्ट्रॉन सलग पसरण्याचा. कड्या एकमेकींशी जितक्या सलग बोलतात तितकी ट्रिप्लेट खाली येते. पीव्हीके या दुसऱ्या पॉलिमरमध्ये कार्बाझोलची कडी साखळीला नुसती बाजूने लटकते, म्हणून ट्रिप्लेट ३.० च्या जवळ राहते. कार्बाझोल ३,६ जागांनी जोडलं तरी संयुग्मन तुटतं, पण ते बनवण्यात तुझं चौथं वर्ष जाईल. पीव्हीके बाटलीत मिळतं.

मात्र त्यात होल (धन प्रभार) पळतात, इलेक्ट्रॉन अडतात. सोबत इलेक्ट्रॉन वाहून नेणारं पीबीडी मिसळ. पुढे निळ्याकडे वळलीस तर पीबीडी सोड, त्याचीच ट्रिप्लेट कमी पडते, त्याच कामाचं ओएक्सडी-७ घे.

आणि एवढ्यात डिव्हाइस करू नकोस. तेच डोपंट पॉलिस्टायरीनमध्ये घालून काचेवर फिल्म ओढ, नायट्रोजनमध्येच यूव्ही दिव्याखाली धर. तिथे हिरवा चमकला आणि पॉलिफ्लुओरीनच्या फिल्ममध्ये नाही, तर दोष होस्टचा.

रसायन_काका
पॅलॅडियम मागे घेतो. पण पॉलिफ्लुओरीन फेकू नकोस गं, लालसाठी ठेव.

मुक्ता_मांडवी
केलं. पॉलिस्टायरीनची फिल्म अशी हिरवीगार की शेजारच्या टेबलावरचे उठून बघायला आले. पॉलिफ्लुओरीनची निळसर, तीही मरगळलेली. सरांना फोटो दाखवला. म्हणाले, "ओल तरी तपास." पीव्हीके मागवलंय.