वाकता येत नाही म्हणून योगवर्ग सोडू नका
शेजारच्यांइतकं वाकता येत नाही म्हणून वर्ग सोडावासा वाटतो, असं तुम्ही लिहिलंय. कृपया सोडू नका! पश्चिमोत्तानासनात (पाय समोर पसरून बसून पुढे वाकायचं आसन) हात पायाच्या बोटांना लागणं महत्त्वाचं नाहीच. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतील तर गुडघे खुशाल थोडे वाकवा, पण पाठ गोल करून ओढाताण नको. श्वास अडखळला की तिथेच थांबायचं. ही खूण शिक्षकांच्याही आधी तुम्हाला कळते. स्नायूंना ताण बसला तर चालेल, सांध्यात कळ आली तर अजिबात नाही. रक्तदाब, मणक्याचा त्रास, गरोदरपण असेल तर आधीच सांगा (लोक संकोचाने लपवतात, फार वाईट वाटतं). जेवणानंतर 2-3 तास जाऊ द्या. आणि शवासन टाळून घाईने निघू नका, ती 5-10 मिनिटंही वर्गाचाच भाग आहेत.